सिलासच्या टोपीतली डहाळी

सायप्रस बेंड मळा, वॉटरी नदीकाठ
२ जून १७८१

प्रिय गिडियन,

तुझं पत्र परवा पोचलं. चार ओळींपैकी तीन निळीच्या पिकाबद्दल आणि एक गेलेल्या मुलाबद्दल. प्रमाण तुला शोभणारंच. चार्ल्स टाउनच्या कैदी गलबतावर कागद दुर्मिळ, हे मान्य. तरी सिलासचं नाव घराण्याचे जन्ममृत्यू नोंदलेल्या बायबलातून खोडून टाका, एवढं तू एका दमात लिहिलंस. वीस वर्षं तुझ्या घरात लॅटिन शिकवतो आहे, पण इतकं संक्षिप्त वाक्य मला कधी साधलं नाही.

केझायाने पत्र वाचून माझ्यापुढे सरकवलं. म्हणाली, "मास्तर, उत्तर तुम्हीच लिहा. मी लिहायला बसले तर नवरा म्हणून काही उरणार नाही." बायबल तिने उचलून स्वतःच्या उशाशी नेलं आहे.

आधी निळीचं सांगतो, म्हणजे तू पुढचं वाचशील. पीक बरं आहे. दक्षिणेचं शेत एप्रिलच्या लढाईत तोफांच्या चाकांनी नांगरलं, तेही आडवं. डुकरं दोन्ही सैन्यांनी निःपक्षपातीपणे खाल्ली. जखमींना जेवणघरात आणलं तेव्हा केझाया शल्यवैद्याला म्हणाली, "पाय कापायचा तर कापा, पण टेबल माझ्या आईचं आहे. करवत लागता कामा नये." तिसऱ्या दिवशी सिलासला घरी आणलं, तेव्हा तेच टेबल तिने स्वतः कुऱ्हाडीने फोडून त्याच्या शवपेटीला फळ्या दिल्या.

गलबतावर आलेल्या नव्या कैद्यांनी तुला सांगितलं की तुझा मुलगा इंग्लंडच्या राजाला जाऊन मिळाला, टोपीत पाइनची हिरवी डहाळी खोचलेला सापडला. डहाळी होती, हे खरं. राजाचे लोक डहाळी खोचतात, आपले लोक पांढरा कागद. एवढ्या पुराव्यावर शेजारी शेजाऱ्याला गोळी घालतो. मनुष्याच्या विवेकबुद्धीची ही सध्याची पातळी.

आता त्या सकाळचं ऐक. घोडे सांभाळणाऱ्या क्वाशची बायको, फिबा, दोन दिवस अडली होती. सुईण नदीपलीकडे. क्वाश स्वतःच निघाला होता. पण रस्त्यात सापडलेल्या गुलामाला कुठलंही सैन्य उचलून नेतं, मग ते स्वातंत्र्यासाठी लढणारं का असेना. सिलास म्हणाला, "तू तिच्यापाशी बस, मी जातो." तुझ्या घरातलं कोणी क्वाशला बस म्हणाल्याचं मी प्रथमच ऐकलं. बंदूक त्याने घेतली नाही. लढणार नाही असा आईला शब्द दिला होता, तो पाळला.

आदल्या संध्याकाळपर्यंत नदीचा रस्ता राजाच्या शिपायांकडे होता. पहाटे तो आपल्या लोकांनी घेतला होता, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. त्याला उतारावर आपल्याच लोकांनी मारलं, गिडियन. सुईण आलीच नाही. फिबा वाचली, मूल गेलं.

पाच आठवडे क्वाश माझ्याकडे नुसता पाहत होता. तुझ्या पत्राची बातमी तबेल्यात पोचली तेव्हा घोड्याचं अंग घासत, मान वर न करता म्हणाला, "मास्तर, मी तिथेच होतो. पण माझी साक्ष कोण घेतंय? बोलायचं तर तुम्हीच." इतक्या हळुवारपणे मला आजवर कोणी छडी मारलेली नाही.

ती डहाळी मी खोचली. सिलास हसत होता. "नवरदेव करताय का मला, मास्तर? बाबांनी पाहिलं तर घरात घेणार नाहीत." मी म्हटलं, "बाबा गलबतावर आहेत. मान सरळ ठेव." रस्ता ज्यांचा, खूण त्यांची, असं माझं तर्कशास्त्र, शिकलेल्या माणसाचं, निर्दोष. तुझा मुलगा पक्ष बदलून मेला नाही, शिक्षकाचं ऐकून मेला. हे मी इतके दिवस दडवलं, कारण सिलासचे मास्तर म्हणून केझाया अजूनही रोज दुपारी माझ्यासाठी मक्याची भाकरी वेगळी झाकून ठेवते, आणि मी ती खातो. तिला यातलं काही ठाऊक नाही. आधी तुला लिहिलं, कारण तुझा चेहरा मला इथून दिसत नाही. आता ताट मांडल्याचा आवाज येतो आहे. तिने भाकरीवरचं फडकं काढण्याआधी मला तिथे पोचायला हवं.

तू म्हणशील तोवर तुझाच,
एलिहू