बंद दाराशी गायलेली तार

सोमवार, ३ तारीख

पाणी तापवून झालं होतं, भांडी पालथी घातली होती. ह्यांचा सदरा पिळून दोरीवर टाकत होते आणि सवयीने गुणगुणत होते. हे दाढी करत होते. फेसाने माखलेल्या तोंडाने म्हणाले, की दूधवाला हल्ली घंटी वाजवतच नाही, तुझा आवाज आला की लोक आपणहून पातेली घेऊन बाहेर येतात.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. ती सकाळ मात्र अजून हलली नाही. आज त्याच गळ्यावर मला नोकरी लागली, म्हणून ही वही उघडली. नवं गाव, वरच्या मजल्यावर नवी खोली, खाली घरमालकीण आणि तिचा फोन. मी लागले त्या दुकानात ‘गाणारी तार’ मिळते. कुणाचा वाढदिवस असला की गिऱ्हाईक मजकूर लिहून देतं, आणि लाल टोपी, पितळी बटणांचा कोट घातलेली बाई त्या माणसाच्या दारात जाऊन तो गाते. ती बाई म्हणजे मी! चाली सहाच, मजकूर कोणताही आला तरी त्यातच कोंबायचा. कोट पोटावर आवळतो. मागच्या खोलीतल्या शिंपीणबाईंनी न बोलता बटणं सरकवून दिली. त्या मुक्या आहेत.

दुकानाच्या मालकीणबाईंचा नियम एकच. दार उघडून माणूस समोर आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. म्हणाल्या, तार चेहऱ्याला गायची, लाकडाला नाही.

अठराला ठकू, माझी लेक, वसतिगृह सोडून कायमची माझ्याकडे येणार. खिडकीखाली तिची खाट लावून टाकली.

गुरुवार, ६

आज तीन तारा. पहिली दातांच्या डॉक्टरांना, त्यांच्या बायकोकडून. खुर्चीतला पेशंट आ वासलेल्या तोंडानेच टाळ्या वाजवत होता. दुसरी एका निवृत्त हेडमास्तरांना. गाणं संपेपर्यंत ते सावधानमध्ये उभे! वर चाल कुठे घसरली तेही सांगितलं.

तिसरी गिरणीमागच्या शेवटच्या घरी. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्त्यावर नुसतं ‘घरातल्या माणसास’. तीनदा कडी वाजवली. आतून पाय घासत कोणीतरी आलं आणि दाराला लागून थांबलं. श्वास ऐकू येत होता. वाटलं, म्हातारं माणूस असेल, कडी निघत नसेल. म्हणून काय त्याने वाढदिवसाला मुकायचं? मी दाराशीच गायले. पोचपावती फटीतून आत सरकवली, ती सही होऊन बाहेर आली.

मालकीणबाईंना सांगितलं, की दार उघडलं होतं. उगाच बोलणी कोण खाणार!

सोमवार, १०

पुन्हा तेच घर. तारेत म्हटलं होतं, ‘गाडीतून उतरलीस की सरळ माझ्याकडे ये, आई वाट बघतेय.’ दुरावलेल्या मायलेकी असतील असं वाटलं आणि जीव ओतून गायले. आतलं माणूस माझ्यामागून, अर्धी मात्रा उशिरा, गुणगुणत होतं.

मग मी पायरीवर टेकले. तास कसा गेला कळलं नाही. दाराला सगळं सांगितलं. ठकूचं नाव, तिचं वसतिगृह, अठराची गाडी, आणि घरमालकीण किती तिरसट आहे तेसुद्धा. हे गेल्यापासून माझं इतकं शांतपणे कुणी ऐकलं नव्हतं.

परत येताना गळा फडक्यासारखा कोरडा.

गुरुवार, १३

आवाज पार बसलाय. गुळण्यांनी फरक नाही. मालकीणबाई म्हणाल्या, पावसात भिजलेला भोंगा बरा. तरी पुन्हा तार आली, ‘हीच बाई पाठवा’ अशा चिठ्ठीसकट. दाराशी जाऊन उघडून वाचली.

‘ठकू, मी खोली बदलली. गिरणीमागे शेवटचं घर. एक दिवस आधीच ये.’

मी गायले नाही. ओठसुद्धा हलवले नाहीत.

आतून कुणीतरी गायलं. माझ्या आवाजात. आताच्या नाही, त्या सकाळच्या.

दुकानापर्यंत पळत आले. सांगायला गेले तर तोंडातून नुसता वारा. लिहून दाखवलं. मालकीणबाई खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. शिंपीणबाईंनी वाचलं, खडू घेतला आणि टेबलावरच्या काळ्या कापडावर लिहिलं: ‘मीही लाकडाला गायले. मग माझा भाऊ तिकडे गेला. आला नाही.’

शुक्रवार, १४

वसतिगृहात फोन लावला. ठकूला फक्त माझा श्वास ऐकू गेला. बोलायचं नसेल तर ठेवा, लाज नाही वाटत का, असं झापून तिने ठेवला. तिचा राग थेट ह्यांच्यासारखा.

मग घरमालकिणीला बोलायला लावलं. ठकू हसली म्हणे. आईचा गळा कसा बसेल, कालच अर्धा तास बोलली, बाबा असताना गायची तसं गायली, मी रडले फोनवर. त्या घरी जाऊ नकोस म्हटल्यावर तिचं उत्तर तयार होतं. आईने सांगितलंच होतं, खोली सोडल्याचा राग घरमालकीण असा काढेल म्हणून.

पत्र टाकलं. पोचायला चार दिवस. स्वतः निघाले तर वाटेत चुकामूक व्हायची. स्टँडवर सतरालाही जाईन, अठरालाही. तिने मला एकदा पाहिलं की झालं.

सोमवार, १७

पहाटेपासून उभी होते. दोन गाड्या आल्या, ठकू नाही. चौकशीच्या खिडकीत चिठ्ठी दिली. तिथला माणूस म्हणाला, अशी मुलगी काल संध्याकाळीच उतरली, आईने आणखी लवकर बोलावलं म्हणत होती. तिच्यासाठी इथे फोन आला होता, आईचा. हसत हसत गेली.

गिरणीमागे —

ती आत आहे. बोलते आहे. मी तिला उत्तरं देते आहे, आतून. मी दार बडवलं. ठकूने विचारलं, कोण गं? आतून मी म्हणाले, दुकानातली ती वेडी असेल, लक्ष नको देऊस.

चौकीतल्या शिपायाला चिठ्ठी दाखवून आणलं. त्याने काठी आपटली. ठकूने आतून सांगितलं, सगळं ठीक आहे, आई जवळच आहे. आणि आईने त्याला चहाला बोलावलं. तो मला म्हणाला, बाई, दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसता? गेला.

दगड घातला. लाकडाचा टवकाही उडाला नाही.

मंगळवार, १८

पायरीवरच आहे. ठकू बोलतेच आहे. शाळेतलं, बाबांचं, लहानपणचं. थांबू नकोस म्हणते तिला आतली ती. माझ्या आवाजात म्हणते.

दुपारी ठकूचा आवाज बसला.

आता नुसती घरघर. ठकू, गप्प बस गं — बोलू नकोस — मला ओरडता

बुधवार

काल दिवस मावळताना आतलं सगळं थांबलं. मी खोलीवर आले. तिच्या खाटेवर पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, मी कोट न घालता तिथे गेले. दार उघडं आहे. आत अंधार. ठकू हाक मारते आहे, आई, आई गं. गळा अगदी स्वच्छ. हाक तिची, की नुसता तिचा आवाज —

चपला काढल्या. वही गुडघ्यावर आहे. हाक तिची नसली तरी ती तिथेच कुठेतरी

मी आत जा