मयताचे फोटो काढणारी तेओफिस्ता

रोम, १२ फेब्रुवारी १९८९

चि. रोवेना हिस,

अनेक आशीर्वाद. लग्नाची तारीख ठरल्याचं तुझं पत्र गुरुवारी मिळालं. त्या दिवशी आम्हाला दुपारून सुट्टी असते, म्हणून स्टेशनाबाहेरच्या पायरीवर बसून वाचलं आणि आपल्याकडच्या सगळ्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवलं. जोमारीच्या आईला भाजलेल्या डुकराची कातडी कुरकुरीतच लागते, नाहीतर ती ताट सरकवते, हे ऐकून सगळ्या हसल्या. पोरी, सासूचे दात शाबूत आहेत हे आधीच बघितलंस ते बरं केलंस.

मी येऊ शकत नाही, हे तुला माहीत आहे. इथे राहायच्या परवान्याचे कागद सरकारदरबारी अडकलेत. आता देश सोडला तर अर्ज बाद, आणि सहा वर्षं परक्या म्हातारीला न्हाऊमाखू घातलं ते सगळं पाण्यात. म्हणून फोटोंची गोष्ट मी हसण्यावारी नेणार नाही. तू लिहितेस, जोमारी म्हणतो त्या तेओफिस्ताला सांगू. सुतार ओंद्रोची मुलगी ना ती? मयताचे फोटो काढते तीच? मी इकडे यायच्या आधी तुझ्या आजीच्या शवपेटीभोवती आपल्याला उभं करून तिनेच फोटो काढला होता. चांगला आला होता, नाही म्हणत नाही. पण मेलेलं माणूस हलत नाही, बाई. नवरी हलते. रोहास शहरातल्या त्या क्रिसोलोगोला सांग. माझी एकुलती एक मुलगी नवरी झालेली मी त्याच्याच डोळ्यांनी बघणार आहे. मला शिकाऊ डोळे नकोत.

तुझ्या तातायना सांग, पावसाळ्यापासून त्यांची एक ओळ आलेली नाही. तू कॅसेट पाठवलीस, तिच्यात सगळ्यांचा आवाज आहे, कोंबड्याचासुद्धा आहे, नवऱ्याचा तेवढा नाही. मासळीच्या तळ्यावर काम फार आहे म्हणतेस. असेल. मी विचारत नाही. फोटोवाल्याला एवढंच सांग, की त्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो हवेत, आणि त्यांच्या शेजारी बाकावर कोण बसलंय तेही दिसू दे.

इकडे थंडी मरणाची आहे, पण माझा लोभ अजून गोठलेला नाही. तुमचाही तसाच असावा.

तुझी नानाय,
साल्वासिओन


पिलार, ५ मार्च १९८९

ति. तिया पुरिंग यांस,

सा. न. वि. वि. तुमचा हात दुरूनच कपाळाला लावते.

नानायचं पत्र सोबत पाठवते आहे. तुम्हीच वाचा आणि सांगा, मी काय उत्तर देऊ. तुमच्या भावाला पावसाळ्यात झटका आला तेव्हा वाटलं होतं, नाताळपर्यंत सुधारतील. पण उजवा हात आणि चेहऱ्याची उजवी बाजू उतरली ती उतरलीच. त्यांचं बोलणं मला कळतं, तुम्हाला कळतं, बाकी कुणाला नाही. वाचा परतली तेव्हा पहिलं वाक्य हेच निघालं, की साल्वाला कळवू नका, ती कागद टाकून धावत येईल. त्यांनी आपल्या दोघींना क्रुसासमोर शपथ घातली आणि आपण पाळली. आता सगळं लग्नाच्या फोटोत येणार.

क्रिसोलोगो काल घरी येऊन गेला. गोड माणूस आहे. तातायना बघून म्हणाला, काळजी करू नका, असे प्रसंग आपण पुष्कळ सांभाळलेत. डावीकडून घेऊ, मांडीवर फुलांचा गुच्छ ठेवू, हात झाकला जाईल. चर्चमध्ये नवरीला वेदीपर्यंत न्यायला मात्र याच अंगलटीचा दुसरा कुणी पाठमोरा चालवू, पाठीवर काय नाव लिहिलेलं असतं? त्यावर, तियो बेर्तो अगदी तसेच दिसतात, असं म्हटलं ते मी. मी म्हटलं, तिया. त्याने तुमच्या नवऱ्याला पाहिलेलंही नाही.

ताताय आतल्या खोलीत होते आणि दार उघडं होतं. मी आत गेले तर त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. हो म्हणून. रागावले असते तर मी पाया पडले असते, रडले असते तर समजूत घातली असती. हो म्हणणाऱ्या माणसाची काय समजूत घालायची?

मग आज जोमारी तेओफिस्ताला घेऊन आला. तिने आधीच सांगून टाकलं, की लग्न एकही काढलेलं नाही, चुका होतील. मी विचारलं, तातायचं दुखणं दिसणार नाही असं काढता येईल का? म्हणाली, ते मला येत नाही, पण बघते. तिथेच नमुन्याचा एक फोटो काढून दुपारी तो धुऊन आणला. त्यात तातायचा वाकडा ओठच सगळ्यांत आधी दिसतो. मला रडावं की हसावं कळेना. ताताय मात्र तो हातात घेऊन बसून राहिले. झटक्यानंतर त्यांनी आरसा बघितलेला नाही.

क्रिसोलोगोला अजून होकार दिलेला नाही. लवकर कळवा. आणि रागावलात तरी आशीर्वाद काढून घेऊ नका.

तुमची भाची,
रोवेना


इलोइलो, १४ मार्च १९८९

चि. रोवेना हिस,

आशीर्वाद, आणि कान उपटायला मी तिथे नाही म्हणून तेही पत्रातूनच.

त्या बाईच्या कॅमेऱ्याने आजवर एक जिवंत नवरी बघितलेली नाही. ती समोर उभी राहिली की पाहुणे आपोआप रुमाल काढतील. शुभकार्यात असली छाया कुणी हाताने ओढवून घेतं का? तुझी सासू काय म्हणेल?

पण मूळ मुद्दा तो नाही. तुझ्या नानायला खरं कळलं तर ती पहिल्या विमानाने येईल. मग कागद गेले, नोकरी गेली, आणि अन्सेल्मोची औषधं कुठून येणार? मी त्याची सख्खी बहीण आहे. त्याला त्याच्याच मुलीच्या लग्नात पाठमोरासुद्धा उभा न करणं मला गोड वाटतं, असं समजू नकोस. पण लग्न होऊ दे, कागद होऊ देत, मग मी स्वतः तिला सगळं लिहीन आणि तिच्या शिव्याही मीच खाईन.

बेर्तोसाठी लग्नात घालायचा बारोंग सदरा शिवायला टाकला आहे. तो आत्तापासूनच घरात अन्सेल्मोसारखं चालून दाखवतो. काल मी त्याला विचारलं, कुठल्या अन्सेल्मोसारखं? पूर्वीच्या, की आत्ताच्या? तेव्हा तो खाली बसला आणि मग जेवलाही नाही.

क्रिसोलोगोला होकार दे. बाकी माया आहे म्हणूनच बोलते.

तुझी तिया,
पुरिफिकासिओन


पिलार, २ एप्रिल १९८९

ति. नानाय हिस,

सा. न. वि. वि. फुलं ठरली, केक ठरला, सासूबाईंसाठी डुक्करही ठरलं.

फोटो तेओफिस्ताच काढणार आहे. मी तिला सांगून टाकलं. तू चिडशील हे माहीत आहे. क्रिसोलोगो फार चांगले फोटो काढतो, इतके चांगले की मला नको वाटले. याहून जास्त आत्ता लिहिता येत नाही.

ताताय बरे आहेत, असं मी दर पत्रात लिहीत आले. या वेळी तसं लिहीत नाही. फोटो येतील तेव्हा तुझं तू बघशीलच. माझ्यावरचा लोभ तोवर तरी सांभाळून ठेव.

तुझी,
रोवेना


रोम, २० एप्रिल १९८९

रोवेना,

आशीर्वाद आहेत, ते लग्नासाठी.

आता मी स्पष्टच विचारते. कोण आहे ती? घरात आणून ठेवली आहे का? फोटो आले की बघशील, म्हणतेस. म्हणजे ती लग्नाला येणार आणि माझ्या जागेवर बसणार. म्हणूनच तुला क्रिसोलोगो नको होता, चार शहरांत फोटो दाखवतो तो. तेओफिस्ताचे फोटो कोण बघणार, मेलेल्यांचे नातेवाईक?

इथल्या बायका मला कधीपासून सांगत होत्या, की पुरुषाचं पत्र बंद झालं की समजावं. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, माझा अन्सेल्मो नाचताना गावातल्या सगळ्या बायकांचे हात धरेल, पण घरी माझ्याबरोबरच येईल. आता मी त्यांच्यात जाऊन बसत नाही. गुरुवारीही खोलीतच असते.

तुझं लग्न आहे, तू हसत राहा. मला खरं तेवढं कळव. लोभाचं काय ते नंतर बघू.

नानाय


पिलार, २१ मे १९८९

ति. नानाय हिस,

सा. न. वि. वि. बाई कुणी नाही, नानाय. झटका होता. मागच्या पावसाळ्यात तातायची उजवी बाजू गेली. हात उचलत नाही, ओठ उतरला आहे, बोलणं अडखळतं. तू कागद टाकून येशील या भीतीने त्यांनी मला आणि तिया पुरिंगना शपथ घातली होती.

तुझं पत्र लग्नाच्या आदल्या आठवड्यात आलं. मी ते तातायना जसंच्या तसं वाचून दाखवलं. मला वाटलं, कोसळतील. पण ते हसले, दुखण्यानंतर पहिल्यांदाच, आणि अर्ध्या तोंडाने म्हणाले, या थोबाडाला कोण बाई मिळणार? मग त्यांनी शपथ सोडवली. म्हणाले, तिला सगळं लिही, ती तिकडे एकटीच जळते आहे.

फोटो सोबत आहेत. तुझं म्हणणं खरं ठरलं. तेओफिस्ता घाबरली, चर्चमध्ये तिच्या कॅमेऱ्याचा दिवा लागलाच नाही आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. तिथले सगळे फोटो काळे आलेत. बाहेरच्या फोटोंत जोमारीचे डोळे मिटलेले आहेत, आणि सासूबाईंचं डोकं कापलं गेलं आहे, त्या अजून बोलत नाहीत. घरच्यांच्या फोटोत तिने सवयीने सगळ्यांना रांगेत उभं केलं, हसू नका म्हणून बजावलं आणि तातायची खुर्ची बरोबर पेटी असते तिथे मधोमध ठेवली. तिया पुरिंगनी क्रुसाची खूण केली. फोटो द्यायला आली तेव्हा तेओफिस्ता दारातच रडायला लागली. मीही रडले, कारण जो फोटो तुझ्यासाठी हवा होता, तोच आला नाही. म्हणून तो लिहून सांगते.

तियो बेर्तो बारोंग घालून तयार होते. चर्चच्या दारात ताताय खुर्चीतून उठले, डाव्या हातात काठी घेतली आणि त्यांना बाजूला हो म्हणाले. त्यांचा उजवा हात मी माझ्या हातात धरला, तो जड आणि थंड होता. वेदीपर्यंत जायला आम्हाला इतका वेळ लागला, की ऑर्गन वाजवणाऱ्याने तीच धून पुन्हा पुन्हा वाजवली. मध्ये एकदा काठी घसरली. सगळं चर्च उभं राहिलं. तियो बेर्तो धावत आले, तातायनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते तिथेच थांबले. वेदीपाशी पोचल्यावर मला जोमारीच्या हाती द्यायचं, तर ताताय माझा हात सोडेनात. मला वाटलं, बोटं आखडली. तसं नव्हतं. ते तुझी जागा शोधत होते, आपल्या बाकावर, डावीकडे. मग सोडला.

तुला न विचारता हे सगळं ठरवलं. तू जे म्हणशील ते ऐकून घेईन, फक्त लिहिणं बंद करू नकोस.

तुझी,
रोवेना


रोम, ११ जून १९८९

चि. रोवेना आणि चि. जोमारी यांस,

आशीर्वाद. जोमारीचे डोळे कसे आहेत ते मला अजून कळलेलं नाही, पुढच्या फोटोत उघडे ठेवायला सांग.

चर्चमधला काळा फोटो मी खिडकीशी धरून बघितला. मेणबत्त्या आणि तुझ्या ओढणीचा एक पांढरा डाग, बाकी काही नाही. मग तुझं पान वाचलं आणि पुन्हा बघितला. तेओफिस्ताला माझा शाप नाही. आशीर्वादही नाही, इतक्यात.

घरच्यांचा फोटो उशाशी ठेवला आहे. क्रिसोलोगोने काढला असता तर सगळे हसले असते आणि मी आणखी एक वर्ष माझ्या मनातल्या त्या बाईशी भांडले असते. इस्त्री करताना भांडले, सिन्योरा म्हातारीची पाठ चोळताना भांडले, तिला केस कसे असतील तेसुद्धा ठरवलं होतं. इकडे मी परक्या बाईला चमच्याने भरवत होते, तेव्हा माझा नवरा डाव्या हाताने चमचा धरायला शिकत होता. ते तुम्ही तिघांनी मिळून माझ्यापासून लपवलंत. माझ्यासाठी लपवलंत, हे कळतं. तुला अजून माफ केलेलं नाही. पुरिंगला तर विचारूच नकोस.

कागद कधी होतील ते कुणी सांगत नाही. मी यावं की थांबावं, हे मला तू सांगू नकोस, तुझ्या तियानेही सांगू नये. तुझ्या तातायनी स्वतः लिहावं, डाव्या हाताने, वाकडंतिकडं कसंही.

लोभ आहे. तो होताच, म्हणून तर इतकी जळले.

नानाय


पिलार, २ जुलै १९८९

ति. नानाय हिस,

सा. न. वि. वि. तातायचं पत्र सोबत आहे. दुपारभर पेन्सिल धरून बसले होते, मला जवळ येऊ देत नव्हते. लिहिलंय एवढंच, की येऊ नकोस, कागद होऊ देत.

मी वाचलं आणि त्यांच्याशी भांडले. म्हटलं, पुन्हा तेच करताय. त्यांनी तोंड फिरवलं आणि पाकीट बंद करायला लावलं. मी पोस्टात जायला निघाले, फाटकापर्यंत पोचले, तेव्हा आतून हाक आली. परत गेले. म्हणाले, येताना न्हाव्याला घेऊन ये. आजारपणात त्यांनी एकदाही न्हाव्याला घरात पाऊल टाकू दिलेलं नाही. आणि पुढे, मला ऐकू जाईल न जाईल असं म्हणाले, त्याच्याकडे केस काळे करायचं काही असेल तर तेही आणायला सांग.

म्हणून पाकीट पुन्हा उघडून हे लिहिते आहे. तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही, असं मी ठरवलं आहे. येऊ नकोस म्हणणारा माणूस कुणासाठी केस काळे करतो, ते मी त्यांना विचारलं नाही. ते तू विचार. समोर बसून विचार.

राग असला तर राहू दे, त्याच्या शेजारी लोभालाही थोडी जागा दे.

तुझी,
रोवेना