घरातल्या इतर उपकरणांना दिसू द्यावे का?

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नकोस म्हणून सांगितलेलं असताना तू गच्चीवर कपडे वाळत घालतेस, हे मला तुझ्या सुनेनं कळवलं आहे. (तिला काही बोलू नकोस. घरातल्या गोष्टी बाहेर जाण्याचं दुःख काय असतं ते मला हल्ली चांगलं कळलं आहे, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.) इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक काही नाही. माझा जीव टांगणीला लागला आहे.

तू विचारलंस की मी फोन का उचलत नाही. अक्का, फोनमध्ये पूर्वीसारखा दम राहिलेला नाही. तुझा आवाज रजईत गुंडाळून आल्यासारखा येतो. मागच्या वेळी तू गुडघ्याचं सांगत होतीस आणि मी "अभिनंदन" म्हणालो, कारण मला "नातू झाला" असं ऐकू आलं. तेव्हा पत्रच बरं.

हल्ली माणसंही पुटपुटतात. हे मी सहज म्हणत नाही, हा माझा धंदा आहे. अंध वाचकांसाठी आमच्याकडे पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करतात, आणि ती बाहेर जाण्यापूर्वी मी ऐकतो, हे तुला माहीतच आहे. पान उलटल्याचा आवाज, खुर्चीची कुरकुर, वाचणाऱ्याचा आवंढा, सगळं पकडून कापायचं. ऑफिसात मला कानसेन म्हणतात ते उगीच नाही. (म्हणत असत, असं लिहायला हवं का, ते पुढे कळेल.) तर दोन महिन्यांपूर्वी एक कादंबरी माझ्या हातून पुढे गेली. तिच्यात नायक वाळवंटात एकटा, पाणी संपलेलं, तो आकाशाकडे बघून ओरडतो, "कुणी आहे का?" आणि मागून स्पष्ट टिंगटाँग. शेजारच्या ऑफिसची दारावरची घंटी! मला ती ऐकूच आली नाही. एका श्रोत्यानं अगदी मनापासून विचारलं की वाळवंटात दार कुठून आलं. आमच्या मुख्य बाई हसल्या, म्हणाल्या, "होतं असं कधीकधी." पण त्यानंतर माझी कामं त्या स्वतः पुन्हा ऐकतात. त्या मला सांगत नाहीत. दाराच्या काचेतून मला त्यांचे हेडफोन दिसतात.

घरातही तेच. जेवताना तुझी भावजय आणि आमची लेक एकमेकींशी बोलतात, हसतात, मग दोघी माझ्याकडे बघतात, आणि मला समजतं की मला काहीतरी विचारलेलं आहे. पूर्वी मी "बघू" म्हणायचो. "बघू" हे उत्तर बहुतेक प्रश्नांना चालतं, पण "मीठ हवंय का" याला चालत नाही. म्हणून मी एक युक्ती काढली. जेवताना फोन पालथा ठेवायचा, त्यात बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, आणि सकाळी कामावर जाण्याआधी अडगळीच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर, हेडफोन लावून, आवाज दोनशे टक्के आणि वेग निम्मा करून निवांत ऐकायचं. त्यावरच्या गाणी वाजवायच्या प्लेअरमध्ये अशी सोय आहे. आदल्या रात्रीच्या प्रश्नांची उत्तरं मी चहाच्या वेळी द्यायचो. "नळाचं म्हणत होतीस ना, प्लंबरला सांगतो आज." तुझी भावजय खूश. तिचं म्हणणं, मी आता विचार करून बोलायला लागलो आहे.

आणि अशात त्या प्लेअरची नवी आवृत्ती आली. उघडला तर गाणं नाही, आवाज नाही, समोर प्रश्नपत्रिका. आपण काय ऐकलं ते लक्षात ठेवू का? ते आमच्या कंपनीला कळवू का? मी नकाराचं बटण शोधू लागलो. कारण त्याच पडद्यावर डाव्या बाजूला "अलीकडे ऐकलेले" म्हणून ओळीनं मांडलं होतं: सोमवार जेवण, मंगळवार जेवण, बुधवार जेवण आणि भांडण. उद्या लेकीनं कॉम्प्युटर उघडला तर? मी "गोपनीयता" नावाच्या पानावर गेलो. अक्का, जगातली सगळ्यात उघडी जागा तीच असावी. तिथे एक चौकोन होता, "आपला इतिहास न साठवण्याचा पर्याय बंद ठेवावा." आता यात खूण करायची की काढायची? मी केली. मग वाटलं, बंद ठेवला म्हणजे न साठवणं बंद, म्हणजे साठवणं चालू. म्हणून काढली. मग खाली बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं की खूण काढल्यास आधीची निवड लागू राहील. आधीची निवड कुठली, ते त्यालाच ठाऊक. शेवटी कंटाळून जिथे जिथे चौकोन दिसला तिथे तिथे खूण करून टाकली, की सगळी कुलपं एकदमच लागावीत. त्यात एक "घरातल्या इतर उपकरणांना दिसू द्यावे" हेही होतं. मला वाटलं, कॉम्प्युटरचा उंदीर, छपाईचं यंत्र, अशी त्याची आपसातली ओळखपाळख असेल. बैठकीच्या खोलीतला टीव्ही हेही उपकरणच, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

रविवारी सकाळी मी नेहमीसारखा अडगळीच्या खोलीत गेलो आणि शनिवारचं जेवण लावलं. आवाज नाही. पट्टी पुढे सरकते आहे, आकडे पळताहेत, पण हेडफोनमध्ये काहीच नाही. मी आवाज वाढवला. काही नाही. पूर्ण वर नेला. काही नाही. अक्का, तुला खोटं सांगणार नाही, मला वाटलं, गेले. उरलेसुरलेही गेले. हेडफोन काढले, टाळी वाजवली, ती कुठेतरी लांब वाजल्यासारखी वाटली. मग ऑफिसमधली ती काचेच्या दाराची खोली आठवली, लेक लहानपणी दारातूनच हाका मारत यायची ते आठवलं. ती हाक शेवटची कधी नीट ऐकली, ते काही केल्या आठवेना.

त्या वेळी बैठकीच्या खोलीत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. वरच्या मजल्यावरच्या बाई, शाळेत कवायत शिकवायच्या त्या, त्यांच्या बहिणीला घेऊन चहाला आल्या होत्या. दोघी सोफ्यावर. आणि टीव्ही आपोआप उजळला आणि त्यातून तुझ्या भावजयीचा आवाज निम्म्या वेगानं, दोनशे टक्क्यांनी, एखाद्या राक्षसिणीनं विहिरीतून बोलावं तसा आला: "वरच्या बाई… घरात… चालतात… का… पलटण… घेऊन… फिरतात?" लेकीनं रिमोट शोधला, सापडेना. त्यात माझं हसणंही होतं म्हणे, तेही निम्म्या वेगाचं. (मी तेव्हा हसलो होतो ते सगळे हसले म्हणून. वाक्य मला त्याच सकाळी ऐकायचं होतं.) मी इकडे आवाज वाढवत होतो, तो सगळा तिकडे जात होता. वरच्या बाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या बहिणीला हे मीच सांगत होते, की खालच्यांना त्रास होत असेल," आणि दोघी निघून गेल्या. अगदी हळू पावलांनी, म्हणे.

मग अडगळीच्या खोलीच्या दारात तुझी भावजय उभी राहिली. मला ती बोलताना दिसली आणि ऐकूही आली, कारण ती ओरडत होती. त्या रागातही मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

"अहो, तुम्ही आमचं बोलणं रेकॉर्ड करता? पाळत ठेवता आमच्यावर?"

मी खरं सांगू शकलो असतो. पण तोंडातून निघालं, "आठवण म्हणून." ती निघून गेली. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर कुणी बोलत नाही. लेक आधी विचारते, "बाबा, चालू आहे का?" आणि मगच भाजी मागते. अक्का, ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते बोलणंच बंद झालं. आता पुन्हा ऐकायलाही काही नाही.

मी सोमवारी सुट्टी काढून सगळी सेटिंग्ज पुसली. इतिहास, आवडीनिवडी, सगळं. प्लेअरनं विचारलं, "नक्की विसरायचं का?" मी होय म्हणालो. तो विसरला, पण त्याआधी कंपनीला कळवून बसला असावा. कारण दुसऱ्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक जाहिरात आली, "आपल्या ऐकण्याच्या सवयींवरून, खास आपल्यासाठी", आणि खाली कानामागे लावायच्या यंत्राचं चित्र. ज्या गोष्टीची मी घरात दाद लागू दिली नाही, ती कुठल्या तरी परक्याला आवाजाच्या पट्टीवरून समजली. मी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला आहे.

तर तुझ्या जावयांना असल्या गोष्टी कळतात, त्यांना एवढं विचार की कंपनीला गेलेली माहिती परत मागवता येते का. बाकी सगळं क्षेम. गुडघ्याला जप, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. जावयांना विचारलं नाहीस तरी चालेल. खरं काम वेगळंच आहे. अक्का, मला ऐकू कमी येतं. लिहिलं एकदाचं. माणसं पुटपुटत नाहीत, दोष माझाच आहे. मला कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय, पण एकट्यानं जायचा धीर होत नाही आणि घरी सांगायची लाज वाटते. तू चार दिवस राहायला ये. तुझेच कान दाखवायचे आहेत असं सगळ्यांना सांगू, मी सोबत म्हणून येतो, आणि आत गेल्यावर खुर्चीत मी बसतो. ही गोष्ट तुझ्यामाझ्यातच राहू दे. हे पत्र वाचून फाडून टाक.

ता. क. २. वन्सं, नमस्कार. पाकीट मी चिकटवते आहे. पत्र वाचलेलं नाही, तशी गरजच पडली नाही. हल्ली तुमचे भाऊ लिहिताना प्रत्येक वाक्य तोंडानं म्हणतात, आणि आपण मनातल्या मनात म्हणतोय असं त्यांना वाटतं. दुपारभर दार लावून लिहीत होते आणि मी व लेक बाहेर बसून ऐकत होतो. पुष्कळ ठिकाणी हसलो, एका ठिकाणी लेक उठून आत गेली. तुम्ही जरूर या, पण कान दाखवायला नको, नुसत्या राहायला या. डॉक्टरांची वेळ मी मघाशीच घेतली, गुरुवारची. आम्ही तिघं जाऊ. तसं दारातून त्यांना सांगितलंही. त्यावर ते म्हणाले, "हो, तिकीट लावलंय."