कुलपातलं क्विनाईन

ता. ३ ऑक्टोबर १९४३, रविवार

भिंतीतल्या कपाटाचे वरचे दोन खण आज रिकामे केले. आतून पुसले, कडुलिंबाचा पाला टाकला. यापुढे त्यात फक्त औषधं राहतील.

इंदिरा जाऊन एकोणीस दिवस झाले. घरात आता मी आणि आमची सरू, दोघंच.

डॉक्टरांनी कुठून कुठून जमवून सोळा गोळ्या दिल्या होत्या. सकाळी एक, रात्री एक. आठ दिवस पुरवल्या. रात्रीची मी माझ्या हातानं द्यायचो. सकाळची तिच्या उशाशी पाण्याच्या भांड्याजवळ ठेवून जायचो – साडेसहाला टपालाच्या थैल्या येतात, थांबायला वेळ नसतो. ताप उतरत आला होता. गोळ्या संपल्या, आणि नवव्या दिवशी पुन्हा भडकला तो डोक्यातच गेला. डॉक्टर म्हणाले, "आणखी आठ-दहा असत्या तर –"

जपान्यांनी जावा घेतल्यापासून क्विनाईन दिसत नाही; सगळं तिकडूनच यायचं. पूर्वी टपालकचेरीच्या खिडकीवर तिकिटांबरोबर मीच क्विनाईनच्या पुड्या विकायचो. कितीतरी वर्षं हाताशी ढीग असायचा. एक पुडी घरी आणून ठेवावी हे कधी सुचलं नाही.

ता. ५

मिळालं ते: टिंक्चर आयोडीन एक बाटली. बोरिक पावडर. एरंडेल. ओव्याचा अर्क. तापावर काढ्याला काडेचिराईत. विहिरीत टाकायचं लाल औषध, एक पुडी. कापूस नाही – सगळा लष्कराकडे जातो म्हणतात.

ता. ७

पट्ट्या करायच्या म्हणून जुनी कापडं काढली. इंदिराचं एक विरलेलं पातळ वर आलं. ते परत घडी करून ठेवलं. माझी दोन धोतरं उकळून फाडली. सरूने पट्ट्यांच्या गुंडाळ्या केल्या आणि चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. काम करताना एक शब्द बोलली नाही. आईसारखी बडबडी होती ही, महिन्यापूर्वी.

ता. ९

कुसगावच्या दत्तोबाचा भाऊ लष्करी छावणीत भटारखान्यात आहे. दत्तोबा मनीऑर्डर घ्यायला आला तेव्हा हळूच विचारलं. इकडं तिकडं बघून म्हणाला, "गोळ्या मिळत्याल. पर पैसं नगंत. राकेलचं बोला."

दोन महिन्यांचं राकेल द्यायचं कबूल केलं.

ता. ११

दत्तोबा चौतीस गोळ्या देऊन गेला. पिवळट कागदात बांधलेल्या. एक जिभेला लावून पाहिली. कडू. तोंड वाकडं झालं आणि बरंही वाटलं.

कपाटाला कडी होती, तिला कुलूप आणलं. किल्ली जानव्याला बांधली.

कचेरीत त्र्यंबकरावांना माझ्या कपाटाचा सुगावा लागला आहे. सगळ्यांदेखत म्हणाले, "गंगाधरपंत, दारावर पाटी लावा आता. धर्मार्थ दवाखाना. आणि धर्मार्थ तेवढं खोडा." सगळे हसले. मीही हसलो. शिक्के मारत राहिलो.

ता. १२

हे लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

झुंबरबाई आज भांडी घासून झाल्यावर गेली नाही. पदराला हात पुसत उभी राहिली. कुरवंड्याहून रोज दोन कोस चालत येते, कधी काही मागत नाही.

म्हणाली, "भाऊ, माज्या सुनंला, रतनीला, हिवताप आलाय. चार दिस झालं. लेकरू तानं हाय, दूध आटलंय तिचं. चार-दोन गोळ्या असल्या तर बगा."

मी म्हणालो, "नाहीत, झुंबरबाई. इंदिराच्या वेळी होत्या तेवढ्याच."

"व्हय. तवा मी हितंच हुते की." मग कपाटाकडे पाहून म्हणाली, "कुलूप दिसलं, म्हनून इचारलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. गेली. सरू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

चौतीसातल्या चार दिल्या तर तीस उरतात. तीस सरूला पुरतील की नाही, हे मला कोण सांगणार? सोळा पुरल्या नाहीत एवढंच मला ठाऊक आहे.

ता. १३

झुंबरबाई आली नाही. सरू शाळेतून उशिरा आली. विचारलं तर म्हणाली, मैत्रिणीकडे होते. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

ता. १४

झुंबरबाई नाही.

ता. १८

आज आली. मी दाढी करत होतो, आरशातून दिसली. रतन कशी आहे हे विचारायला तोंड उघडत नव्हतं. भांडी घासली, केर काढला, गेली.

ता. २२

झुंबरबाईने हळव्या भाताचे पोहे आणले, पानात बांधून. "रतनीनं कांडल्यात," म्हणाली.

"उठली का रतन?"

"व्हय. उटली. लेकराला बी पाजतीया."

मोठा भार उतरला. म्हणजे गोळ्यांवाचूनही माणसं उठतात. मी नाही म्हटलं म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. हे दिवसभर मनाशी घोकत होतो. पण मग इंदिरा सोळा घेऊनही का उठली नाही?

पोहे चांगले होते. सरूने दोनदा घेतले.

ता. २९

दिवाळी. आपल्याकडे नाही. शेजारच्या लीलाबाईंनी सरूसाठी ताट पाठवलं. राकेल नाही म्हणून दिवेलागणीनंतर आम्ही ओट्यावर बसतो. समोर सगळ्यांच्या पणत्या. सरू म्हणाली, "अण्णा, तुम्हाला कधी ताप येतो का हो?" मी म्हणालो, मला काय धाड भरली आहे.

ता. ३१, रविवार

सरूला दुपारपासून हुडहुडी. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग अंग तव्यासारखं.

कुलूप उघडलं. आत सगळं आहे. या वेळी सगळं आहे.

ता. १ नोव्हेंबर

डॉक्टर येऊन गेले. कपाट पाहून त्यांना आश्चर्य वाटलं. "एवढ्या? मग काळजी नको. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. नेमानं. सात दिवस. मध्ये खंड पडता कामा नये."

सकाळची उशाशी ठेवतो. दुपारची झुंबरबाईला सांगितली तर म्हणाली, मला घड्याळ कळत न्हाई. तेव्हा तीही ठेवूनच जातो आणि शाळेचा दुपारचा टोल पडला की घे, असं सरूला बजावतो. रात्रीची मी देतो. रजा मागितली होती, मिळाली नाही – छावणीमुळं टपाल तिप्पट झालं आहे.

ता. ३

आज हुडहुडी भरली नाही.

ता. ४

पुन्हा भरली. एकशे चार.

ता. ५

उतार नाही. डोळे आत गेले आहेत. इंदिराचंही पाचव्या दिवशी असंच दिसत होतं. तेच. अगदी तेच चाललं आहे. गोळ्या आहेत, वेळेवर आहेत, आणि तरी तेच.

दत्तोबाने खडूच्या वड्या दिल्या की काय? दोन गोळ्या घेऊन दवाखान्यात पळत गेलो. डॉक्टरांनी एक फोडली, चाखली. "माल खरा आहे," म्हणाले. मग माझ्याकडे पाहत, "मुलगी घेते ना नीट?"

घेते. शहाणी आहे ती. कधी कडू म्हणूनही तक्रार केली नाही.

परत येताना बाजारात त्र्यंबकराव भेटले. थट्टा केली नाही. म्हणाले, "तू घरी बस. थैल्या मी बघतो. साहेबाला काय सांगायचं ते मी सांगेन." असा माणूस आहे हे मला ठाऊक नव्हतं.

ता. ६

घरी राहिलो. नऊच्या सुमाराला झुंबरबाई सरूचं अंथरूण बदलत होती. तिनं मला हाक मारली. हात पुढं केला. तळव्यात गोळ्या.

"गादीच्या उसवणीत हुत्या, भाऊ. नऊ हायती."

नऊ. सरूनं डोळे मिटून घेतले होते, पण झोपली नव्हती.

झुंबरबाईच खाली बसली. "का ग माज्ये बाय? जीव नको झालाय का तुला? थुकतीस व्हय त्या?"

सरू म्हणाली, "थुंकत नाही. ठेवते."

"कशापायी?"

"संपल्या तर?"

हे मी शिकवलं. किल्ली जानव्याला बांधून मीच शिकवलं. रात्री जेवण झालं की कपाट उघडून मोजत बसायचो, आणि ही बघत असायची.

रागावलो नाही. तिला उठवून बसवलं, गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, तोंड उघडायला लावलं. "आता दुपारी. मग रात्री. मी इथंच आहे."

झुंबरबाईसमोर त्या नऊ गोळ्या होत्या. बारा तारखेला मी तिला नाहीत म्हणालो होतो. मान वर करवेना. कसंबसं म्हणालो, "झुंबरबाई, त्या दिवशी माझ्याकडे –"

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "पोरीकडं बगा आदी. आन त्या कुलपाला तेल घाला. लय कुरकुरतंय, तिची झोपमोड हुती."

ता. ८

घाम फुटला. शंभर.

ता. १०

ताप नाही. सरूनं वरणभात मागितला. मऊ करून दिला, तर म्हणाली, मीठ कमी आहे. आज पहिल्यांदा तक्रार केली.

ता. १२

ताप नाही. कपाटाचं कुलूप काढून शेगडीमागं टाकलं. दोन्ही खणांतलं काय काय आहे ते लीलाबाईंना दाखवून ठेवलं. कुणाला लागलं तर मी कचेरीत असलो तरी काढून द्यावं.

ता. १६ नोव्हेंबर, मंगळवार

आज रतन आली, लेकरू कडेवर. ओट्याशी वाकून म्हणाली, "तुमी धाडलेल्या गोळ्यांनी उटले, भाऊ. सासूबाई म्हनल्या, पाया पडून ये."

मी काही पाठवलं नव्हतं. तरी विचारलं, किती होत्या. "सात. फडक्यात बांदल्याल्या. सरूताई घेऊन आली, चालत. म्हनली, अण्णांनी दिल्यात."

दत्तोबाकडून घेतलेल्यांतली तेव्हा एकही कमी झालेली नव्हती. मी रोज मोजत होतो.

ती गेल्यावर सरूला जवळ बसवलं.

"आईच्या होत्या," ती म्हणाली. "सकाळी तुम्ही गेलात की ती फडक्यात बांधायची. पहिल्याच दिवशीची तेवढी घेतली. म्हणायची, त्यांना ताप आला तर घरात काही नको का."

मग विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता ना, गोळ्या कमी पडल्या म्हणून. मला वाटलं, तुम्हाला तेच बरं."