केळ्यांनी वाजवलेली सलाइनची घंटा

मन्नाएखेळ्ळी, गुरुवार

तीर्थस्वरूप माणिकप्पामामांना भाचा संगमेश्वरचा शरणु शरणार्थी.

तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तुम्ही "बरी हाय" म्हणता आणि भागम्मामामी फोनवर वेगळंच सांगतात. (हर्नियाची गाठ लिंबाएवढी होती, ती आता पेरूएवढी झाली म्हणे.) मागं तापात तुमची सलाइन संपली, कुणाचं लक्ष नव्हतं, नळीत रक्त उलटं चढलं, तेव्हापासून तुम्ही ऑपरेशनचं नाव काढू देत नाही. बाटली संपल्यावर वाजणारी घंटा केलीस तर अॅडमिट होतो, असा शब्द तुम्ही दिलात. त्या शब्दापायी सहा महिने मला एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा चारदा उठून लिहिलंय.

माझा भागीदार रविकुमार म्हणत होता, थेट हैदराबादहून प्लास्टिकचा साचा आणू, हजार नग काढू. मी अडून बसलो, आधी कच्चा नमुना. रद्दीवाल्याचा ताणकाटा, सायकलची घंटा, थोडी तार. बाटली हलकी झाली की काटा वर आणि घंटा सुरू. इथल्या दवाखान्याच्या नेत्रावती सिस्टरनी वॉर्डातल्या रिकाम्या कॉटशी नुसती पाण्याची बाटली टांगू दिली (सुई कुणालाच टोचली नाही, मामींना सांगा). पहिला नमुना पंख्याच्या वाऱ्यानंच वाजत सुटला. दुसरा इतका दणकून वाजला की समोरच्या कॉटवरच्या चंद्रम्माआजी उठून बसल्या आणि हात जोडून आरतीचं ताट कुठंय म्हणून विचारू लागल्या. तिसऱ्यात दोन्ही खोडी काढल्या, तर बाटली पार संपली तरी घंटा गप्प! बघतो तर शेजारच्या पेशंटच्या पाहुण्यानं काट्याचा हुक दिसला म्हणून केळ्यांची पिशवी अडकवलेली. मग तो पाहुणा त्यातली केळी वाटायला लागला आणि पाचव्या केळ्याला घंटा वाजली. सिस्टर म्हणाल्या, "केळी संपल्याली बरोबर कळायलंय बघा, सलाइनचं कवा कळायचं?"

मला मात्र आनंद मावेना. पिशवीचं हे हैदराबादच्या इंजिनिअरला स्वप्नातही सुचलं नसतं. हजार नग काढले असते तर हजार ठिकाणी केळी लटकली असती. इथं एका जुन्या घंटेवर भागलं. रविकुमारही आता साच्याचं नाव काढत नाही. चौथ्या नमुन्याच्या हुकावर झाकण बसवलंय, तो उद्या टांगून बघणार आहे.

आपला,
संगमेश्वर

ता. क. – तुमची गाठ चौथ्या नमुन्यासाठी थांबणार नाही, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. मामा, मला भीती वाटते. तुमच्या परस्पर मी सोमवारची तारीख घेतली आहे. घंटेची अट सोडा आणि या. बाटलीकडं मी स्वतः बघत बसतो.

आणखी ता. क. – हे मामींना कळवलं. संगू दहा मिनिटांत चहाला पळतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्याही बसणार आहेत, माझ्याकडं बघत.