दुसरा दगड

बा, तू गेल्याला पंचवीस वर्षं होत आली. देवळांच्या पायऱ्यांवर लोकांची नावं कोरता कोरता मला अक्षरं आली, म्हणून आज हे लिहायला बसलोय.

भिसेगावचा मारुती तुला आठवत असेल. मी एकोणीस वर्षांचा होतो, त्याचं नाक काढत होतो. छिन्नी घसरली आणि नाकाचा शेंडा उडाला. तू शेजारच्या दगडावरून उठलास, माझा डावा हात खाली दाबून धरलास आणि वर हातोडा घातलास. दोन बोटं चेचली. मी ओरडतोय, आई पदर फाडून रक्त बांधतेय आणि तू म्हणतोयस, "चुकणारा हात मला नको, रं." पुढच्याच वर्षी तू तापानं गेलास.

त्यानंतर अकरा वर्षं मी फक्त पाटे आणि जाती घडवली. पाट्याला नाक नसतं. कुणी मूर्ती मागितली की डावा हात पुढं करून दाखवायचो. बोटं वाकडी झालीत, जमत नाही, असं सांगून मी माणसं परत पाठवायचो. कळंबची माणसं नंदी मागायला आली, तेव्हा मात्र तुझी सून माझ्याआधी बोलली. "करतील की. बोटं चालतात त्यांची, भ्या तेवढं हाय." सगळ्यांसमोर. मला नाही म्हणता येईना.

दोन महिने खपलो. शेवटी उजवं शिंग मोकळं करताना ते मुळापासून तुटलं आणि माझ्या पायावर पडलं. भर दुपार होती, ती भाकरी घेऊन आली होती. "तुटलं का वो?" एवढंच ती म्हणाली आणि मी हातोडा उगारून तिच्यावर धावलो. ती मागं सरली नाही. "मारा. पर मला मारून शिंग जुडायचं नाय." माझ्या घशातून तुझा श्वास येत होता, बा. तो मी ओळखला. तसाच वळलो आणि नंदीवर तुटून पडलो. तोंड, वशिंड, पाय. हाताची सालटी निघाली, कपच्यांनी कपाळ फुटलं, तरी थांबलो नाही. दगडाचा ढीग झाला तेव्हा खाली बसलो. ज्याला अकरा वर्षं भ्यालो ते घडून गेलं होतं, आणि कावळे आमची भाकरी खात होते.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली आणि पळसदरीहून नवा दगड आणला. त्या नंदीच्याही कानाची कड उडाली. हात थांबला. मग दुसरा कानही तेवढाच आखूड केला आणि पुढं गेलो. तो नंदी कळंबला बसला. त्यानंतर पुष्कळ मूर्ती केल्या, काही फुटल्याही. तुझी सून मात्र मी कामावर असताना अजून जवळ येत नाही. भाकरी लांब ठेवून, आवाज देऊन जाते.

हा कागद कुणाकडे देणार? चुलीत जाईल. एवढंच सांगायचं राहिलं होतं. शेवटच्या दुखण्यात तू पाणी मागत होतास, तेव्हा तुझी पहिली हाक मला ऐकू आली होती. मी तिसरीला उठलो.