ऑर्मरॉडचं नाव राहिलं

लंडन, १४ मार्च १९७८, मंगळवार
दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तिथेच सगळं बिघडलं. मी वही मिटली, ऑर्मरॉडचं नाव न लिहिता!

समोरच्या पक्षाचा म्हातारा खासदार ऑर्मरॉड. बायको लीड्सच्या इस्पितळात, आजउद्याची. तो मतदानाला येऊ शकत नाही, म्हणून आमच्याकडचाही एक जण गैरहजर ठेवायचा. दोन्हीकडे एकेक मत कमी. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. प्रतोदांच्या ऑफिसात या जोड्यांची वही माझ्याकडे, त्यांच्या ऑफिसात डेलिथकडे.

तिचा फोन. "ऑर्मरॉडसमोर तुमचा ट्रँटर. नक्की ना रे?"

"नक्की."

मग म्हणाली, शनिवारी नाही जमणार, रूपर्टबरोबर नाटकाला जातेय. रूपर्ट! फोन आपटला. म्हटलं, बस बोंबलत!

ट्रँटरला कुणी सांगितलंच नाही. तो आला, मत देऊन गेला. आम्ही एका मताने जिंकलो. सगळे मला मिठ्या मारत होते.

१५ मार्च
हॅडोसाहेब, आमचे प्रतोद, वही चाळत होते. "नाव का नाही?"

"विसरलो."

विसरलो म्हणे!

साहेब सभागृहात उभे राहिले— "चूक माझी." समोरून नुसता गलका— लबाड! लबाड! परत येऊन खुर्चीत बसले. "चहा टाक बाबा. तीस वर्षांत शब्द मोडला नव्हता."

टाकला. साखर घालायची राहिली. तसाच प्यायले.

१६ मार्च
समोरच्या पक्षाने सगळ्याच जोड्या तोडल्या. आता आजारी असो, काही असो— हजर! आमच्या एकाला अँब्युलन्समधून आवारात आणलं. दोन्ही पक्षांच्या एकेकाने खिडकीतून डोकावून जिवंत आहे एवढं पाहिलं, मत धरलं. तो मला म्हणाला, "पोरा, उशी तरी सरळ कर."

१७ मार्च
आईचं पत्र. अर्धवट सोडलेल्या कॉलेजात परत घेतील का विचार म्हणते. कंटाळा आला सगळ्याचा.

२० मार्च, सोमवार
कँटीनमध्ये डेलिथ समोर येऊन बसली. आठवडाभर याचीच वाट पाहत होतो, आणि आता पळून जावंसं वाटलं.

"आमच्याकडे सगळे म्हणतात, तू मुद्दाम केलंस. मी भांडले. म्हटलं, तापट आहे, फोन आपटेल, पण शब्द देऊन फिरवणार नाही. बरोबर ना?"

मी सँडविचकडे बघत राहिलो. "नाटक कसं होतं?"

"भिकार. रूपर्ट घोरत होता."

आणि हसली. माझ्याकडे बघून हसली!

२१ मार्च
ऑर्मरॉड आला. जोडी नाही, मग येणार नाही तर काय! मतदानाच्या रांगेत भिंतीला हात लावून उभा होता. मत देऊन बाहेर पडला तोच शिपायाने चिठ्ठी दिली. वाचली. नीट घडी घालून खिशात ठेवली. जवळ मीच होतो.

"बाळ, लीड्सची पुढची गाडी किती वाजता रे?"

मला माहीत नव्हतं. तेवढंही माहीत नव्हतं.

२२ मार्च
सकाळी वहीत लिहिलं: १४ मार्च, ऑर्मरॉड— ट्रँटर. खाली— 'नाव मी मुद्दाम गाळलं होतं.' सही केली. या वहीतली पहिलीच सही. डेलिथच्या टेबलावर ठेवली.

तिने दोनदा वाचलं. "म्हणजे आमच्याकडचेच खरं बोलत होते."

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.